डेब, आरपीएम आणि एसटीच्या तीन फेऱ्या

परवा चांदूर बाजारला घर आवरताना सीड्यांचा जुना डबा सापडला. एका सीडीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'फेरी तिसरी'. हसू आलं आणि २००६ साल आठवलं.

तर झालं असं की, काकांच्या संगणकावर मी मोठ्या हौसेने उबुंटू टाकलं. काकांची मागणी एकच, तुकडोजी महाराजांची भजनं वाजली पाहिजेत. पण पेटंटच्या भानगडीमुळे एमपी३ वाजवायची सोय मूळ सीडीत नव्हती. घरी इंटरनेट नाही. एसटीने अमरावती गाठली, कॅफेतून पॅकेज उतरवलं. घरी येऊन बघतो तर ते आरपीएम! उबुंटूला हवं डेब. दुसऱ्या फेरीत डेब आणलं, तर ते म्हणे आधी अमुक लायब्ररी लागेल. काका म्हणाले, "जेवाले बोलावते अन् ताट-वाटी आपलीच आना म्हणते, असं कसं रे हे?"

तेव्हा आंतरजालावर डेब चांगलं की आरपीएम यावरून हमरीतुमरी चालायची. डेबियन प्रकल्प सुरू झाला १९९३ मध्ये. आरपीएम १९९५ मध्ये रेड हॅट लिनक्स २.० बरोबर आलं. खरं तर दोन्ही पेट्यांत असतं तेच.. फायली, त्या मांडायच्या सूचना आणि आणखी काय काय लागेल त्याची यादी. डेब साध्या 'एआर' आणि 'टार'ने उघडता येतं, आरपीएमच्या पोटात 'सीपीआयओ' असतं, असे फरक आहेत. पण डेबियनचं नाव झालं ते 'एप्ट'मुळे. १९९९ च्या डेबियन २.१ पासून यादीतल्या वस्तू तोच शोधून आणू लागला. २००३ मध्ये फेडोराच्या पहिल्या आवृत्तीत 'यम' आलं, आणि आरपीएमवाल्यांचीही तीच सोय झाली.

म्हणजे भांडण पेटीचं नव्हतंच, पेटी घरपोच आणणाऱ्याचं होतं. आणि तो आणणारा इंटरनेट किंवा सगळ्या सीड्या हाताशी आहेत असं धरून चालायचा. आमच्याकडे यादीतली एक ओळ म्हणजे एसटीचं एक तिकीट.

आता अ‍ॅपइमेजसारख्या पेट्या बरीचशी शिदोरी सोबतच आणतात. जागा जास्त खातात, पण फेरी वाचते.

असो. तिसऱ्या फेरीनंतर भजन वाजलं. काका शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवून सांगायचे, "हे तीन तिकिटाचं भजन आहे बरं!"