सामान्यनाम
सामान्यनाम : समान गुणधर्मामुळे एका जातीच्या सर्व व्यक्तींना, प्राण्यांना, वस्तूंना किंवा स्थळांना लागू पडणारे नाम. उदा. नदी, गाव, जिल्हा, शेतकरी, बैल. त्या जातीतील एकच व्यक्ती, प्राणी, वस्तू किंवा स्थळ ओळखता यावे म्हणून ठेवलेले नाव ते विशेषनाम : पैनगंगा, रिसोड, वाशीम. गुण, स्थिती किंवा क्रिया यांचा बोध करून देणारे ते भाववाचक नाम : गोडवा, गरिबी, पाटीलकी. पहिली दोन धर्म धारण करणाऱ्यांची नावे असल्याने धर्मिवाचक, तर तिसरे धर्मवाचक. सोयाबीन, तूर, दूध ही पदार्थवाचक आणि कळप, जुडी ही समूहवाचक नामे शालेय व्याकरणात सामान्यनामांतच धरतात.

देवनागरीत मोठी व लहान अक्षरे नसल्याने लिपीवरून विशेषनाम ओळखता येत नाही. त्यासाठी पुढील कसोट्या उपयोगी पडतात.

अर्थ : सामान्यनाम जातीला चिकटलेले असते, विशेषनाम ठेवलेले असते. आजच्या वाशीमचे वाकाटककालीन नाव वत्सगुल्म. विशेषनाम बदलले, तरी 'नगर' हे सामान्यनाम दोहोंना लागू पडते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शहराचे विशेषनाम जिल्ह्यालाही मिळाले. 'जिल्हा' या शब्दाचा अर्थ मात्र होता तोच राहिला.

वचन : सामान्यनामाचे सहसा अनेकवचन होते : नदी–नद्या, तांडा–तांडे. पदार्थवाचक नामे मोजण्याऐवजी मापली जातात : दोन क्विंटल तूर. विशेषनाम एकवचनी असते. 'महाराष्ट्रात मालेगावे एकाहून अधिक आहेत' असे म्हणताना, म्हणजे नाशिक आणि वाशीम या दोन्ही जिल्ह्यांतील मालेगावे मनात धरताना, ते विशेषनाम सामान्यनामासारखे वापरलेले असते.

सामान्यरूप (प्रत्यय लागण्यापूर्वी नामाच्या रूपात होणारा बदल) : मराठीची स्वतःची आणि सर्वांत बोलकी कसोटी ही. अकारान्त पुल्लिंगी व नपुंसकलिंगी सामान्यनामाला प्रत्यय लागताना अन्त्य 'अ'चा 'आ' होतो. गावाच्या किंवा व्यक्तीच्या नावात आजच्या बोलीत तो बहुधा होत नाही. म्हणून 'गावाला गेलो', पण 'मालेगावला गेलो'. 'विश्वासाने सांगितले' यात भाववाचक नाम आहे, तर 'विश्वासने सांगितले' यात माणूस आहे.

ही कसोटी सर्वत्र चालत नाही. देवांच्या व पुराणपुरुषांच्या नावांना 'आ' लागतो : रामाने, रावणाला. आकारान्त स्थळनामे सामान्यनामांप्रमाणेच बदलतात : 'मनोऱ्यावर चढलो', तसेच मानोरा या गावाविषयी 'मानोऱ्याला उतरलो'. 'पैनगंगेला पूर आला' यातही तेच. अशा वेळी अर्थ आणि वचन यांचाच आधार घ्यावा लागतो.

जोडनाम : 'वाशीम जिल्ह्यात', 'पैनगंगा नदीला' अशा रचनांत विशेषनाम आधी व त्याची जात सांगणारे सामान्यनाम नंतर येते. सामान्यरूप आणि प्रत्यय दुसऱ्यालाच लागतात.

मराठी व्याकरणलेखनात दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण (१८३६) आणि मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) हे महत्त्वाचे टप्पे. विद्यार्थ्याने नामांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नाम वाक्यात घालून, त्याला प्रत्यय लावून पाहावे. नामाचा प्रकार शब्दाच्या वाक्यातील कामावरून ठरतो. यादीतला सुटा 'विश्वास' भाव आहे की व्यक्ती, हे सांगता येत नाही.