अपोहन-परिचर्या आणि तिचे प्रमाणपत्र

वैद्यकाच्या बहुतेक शाखांत आधी विद्या, मग परीक्षा आणि शेवटी अधिकार असा क्रम आढळतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांची परिचर्या हा त्यास अपवाद म्हणावा लागेल. येथे काम प्रथम हाती आले. ते करण्यास पात्र कोण, हा प्रश्न मागाहून विचारला गेला. आणि त्याचे उत्तर परीक्षेच्या रूपाने मिळण्यास आणखी काही वर्षे लोटली. व्यवहारात ज्यास डायालिसिस म्हणतात त्या रक्तापोहनाचा नित्य उपचार म्हणून प्रथम विकास झाला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. त्यामुळे हा उलटा क्रम तेथील इतिहासात विशेष स्पष्ट दिसतो.

यंत्राचा आरंभ मात्र युरोपातील आहे. १९४३ साली, जर्मन सैन्याच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन या गावी विलेम कोल्फ यांनी मांसाच्या वळकट्यांसाठी वापरावयाची सेलोफेनची नळी एका आडव्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारद्रावाच्या टाकीत फिरते ठेवून रुग्णाचे रक्त त्या नळीतून खेळविले. प्रारंभीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री या उपचाराने शुद्धीवर येऊन बरी झाली, आणि पद्धतीची उपयुक्तता सिद्ध झाली. तथापि प्रत्येक वेळी नवी रोहिणी व नवी नीला छेदावी लागत असल्यामुळे एका रुग्णावर हा उपचार थोड्याच वेळा करता येई. ज्याचे मूत्रपिंड काही दिवसांत पूर्ववत होण्याची आशा असे त्याच्यापुरतेच यंत्राचे साहाय्य होते. अशा नैमित्तिक, वैद्यांच्याच देखरेखीखाली चालणाऱ्या उपचारातून स्वतंत्र व्यवसाय उत्पन्न होणे शक्य नव्हते.

ती शक्यता मार्च १९६० मध्ये सिअ‍ॅटल येथे निर्माण झाली. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची एक वाकवलेली नळी रुग्णाच्या हातातील रोहिणी व नीला यांच्या दरम्यान कायमची बसविली. रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा छेदण्याचे कारण उरले नाही. ज्या यंत्रकामगारावर हा प्रयोग प्रथम झाला तो पुढे अकरा वर्षे जगला. परंतु या शोधामुळे उपचाराचे स्वरूपच पालटले. जो रुग्ण पूर्वी एक तर बरा होई किंवा मरे, तो आता यापैकी काहीच न होता आठवड्यातून ठराविक वेळा वर्षानुवर्षे येऊ लागला. नित्याचे झालेले काम वैद्यांकडून परिचारिकांकडे जाते, हा रुग्णालयांतील सार्वत्रिक अनुभव येथेही आला. जानेवारी १९६२ मध्ये सिअ‍ॅटल येथे रुग्णालयाच्या नेहमीच्या कक्षांबाहेर कृत्रिम मूत्रपिंड केंद्र उघडले, तेव्हा तेथील दैनंदिन अपोहन परिचारिकांच्याच हाती होते.

या केंद्रात कोणास प्रवेश द्यावा हे ठरविणाऱ्या नागरिकांच्या समितीविषयी विपुल लेखन झाले आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शॅना अलेक्झांडर यांचा लेख आल्यापासून नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी तो विषय सोडलेला नाही. समितीने निवडलेल्या माणसाला प्रत्यक्ष जिवंत ठेवण्याचे काम कोण करीत होते, याकडे मात्र त्या मानाने फारच थोड्यांचे लक्ष गेले. ते काम कष्टाचे होते. कील यांच्या पद्धतीचे अपोहनयंत्र म्हणजे एकावर एक रचलेल्या खाचदार फळ्या. त्यांमध्ये सेल्युलोजचे पातळ पापुद्रे ताणून बसवावयाचे, फळ्या आवळावयाच्या, गळती तपासावयाची, निर्जंतुकीकरण करावयाचे, आणि उपचारानंतर सर्व खोलून धुवावयाचे. नळीत रक्ताची गुठळी झाल्यास ती काढावयाची. शिवाय रुग्णाचे वजन, रक्तदाब, हेपॅरिनची मात्रा. यासाठी पाठ्यपुस्तक नव्हते, अभ्यासक्रमही नव्हता. काल जिने केले तिने आज नवीन आलेलीला दाखवावे, एवढीच शिक्षणाची पद्धत होती.

१९६४ च्या सुमारास सिअ‍ॅटल, बोस्टन व लंडन येथे रुग्णाच्या घरीच अपोहन करण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि परिचारिकेकडे शिक्षिकेचे कामही आले. रुग्णास व त्याच्या पत्नीस ती हे तंत्र शिकवी. यावरून एक आक्षेप सहज निघतो: एखादी गृहिणी हे काम शिकू शकत असेल, तर परिचारिकेस निराळ्या प्रमाणपत्राची गरज ती काय? आक्षेप दिसतो तितका बळकट नाही. घरातील माणूस एकाच देहाची चाल ओळखत असतो. केंद्रातील परिचारिकेपुढे एकाच वेळी अनेक रुग्ण असतात. कोणाचे हृदय दुर्बळ, कोणास मधुमेह, कोणी दोन दिवसांत चार किलो पाणी साठवून आलेला. जांभई देणारा रुग्ण झोपेस आला आहे की त्याचा रक्तदाब कोसळत आहे, हे यंत्राची घंटा वाजण्यापूर्वी कळणे, हीच या परिचर्येतील विद्या होय.

१९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. फिस्टुला या नावाने ती आज सर्वत्र परिचित आहे. तिच्यामुळे त्वचेबाहेरची नळी गेली, पण प्रत्येक वेळी दोन जाड सुया टोचणे आले. आठवड्यास तीन अपोहने धरल्यास वर्षाला ३१२ वेध होतात. ही जोडलेली शीर म्हणजे रुग्णाची आयुष्याची ठेव. ती बिघडविणाऱ्या हाताचे मोल त्यालाच द्यावे लागते. ‘अमुक बाईंनीच सुई लावावी’ असा आग्रह धरणारे रुग्ण प्रत्येक केंद्रात आढळतात, आणि त्यांचा तो आग्रह अवाजवी म्हणता येत नाही.

धोका परिचारिकेच्या बाजूसही होता. रक्ताशी इतका संबंध येणाऱ्या या कक्षांत १९६० नंतरच्या दशकात संसर्गजन्य काविळीच्या साथी उद्भवल्या. १९६९-७० मध्ये एडिंबरो येथे आलेल्या साथीत रुग्णांबरोबर रुग्णालयाचे चार सेवकही मृत्युमुखी पडले. ब प्रकारच्या काविळीची लस अमेरिकेत १९८१ साली मान्य झाली; तोपर्यंत हातमोजे, स्वच्छता आणि बाधित रुग्णांचे पृथक्करण एवढेच संरक्षण होते.

अशा परिस्थितीत १९६९ साली अमेरिकेतील परिचारिका व तंत्रज्ञ यांनी एकत्रित संघटना स्थापन केली. दोन्ही वर्ग एका संस्थेत असणे त्या वेळी स्वाभाविक होते, कारण यंत्राजवळ दोघांची कामे फारशी वेगळी नव्हती. ३० ऑक्टोबर १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या स्वाक्षरीने जो कायदा झाला त्यान्वये १ जुलै १९७३ पासून मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुतेक सर्व रुग्णांचा खर्च केंद्र शासनाच्या विमा योजनेवर पडला. निवड-समित्यांचे कारण संपले. त्या वेळी सुमारे १०,००० असलेली रुग्णसंख्या पुढील दशकांत लक्षांत गेली. केंद्रे झपाट्याने वाढली. सिअ‍ॅटलच्या पद्धतीने एकीने दुसरीस शिकवावे इतका अवकाश कोठेच उरला नाही. १९७४ साली परिचारिका व तंत्रज्ञ या दोघांचीही परीक्षा घेणारे स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आले, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

यानंतरचा टप्पा पैशाने घडविला. १९८३ साली शासनाने प्रत्येक अपोहनामागे दर बांधून दिला: स्वतंत्र केंद्रांस सरासरी १२७ डॉलर, रुग्णालयांस १३१. वाढत्या महागाईत हा दर जवळजवळ स्थिर राहिला. साहजिकच काटकसरीचे मार्ग शोधले गेले. एकदा वापरावयाची गाळणी धुऊन पुन्हा वापरण्याचा प्रघात वाढला, आणि परवानाधारक परिचारिकेच्या जागी कमी वेतनाचा तंत्रज्ञ येऊ लागला. त्याच सुमारास संघटना दुभंगली. तंत्रज्ञांनी १९८३ मध्ये आपली वेगळी संस्था काढली, तर मूळ संस्थेने १९८४ मध्ये केवळ परिचारिकांची संघटना असे नवे नाव धारण केले. १९८७ मध्ये परिचारिकांच्या प्रमाणपत्रासाठी निराळे मंडळ स्थापन झाले. यास विद्येचा विकास म्हणावयाचे की व्यवसायाची तटबंदी? दोन्हींचा अंश त्यात आहे. पण शेजारी स्वस्त मनुष्यबळ उभे राहिल्यावरच आपले वेगळेपण लेखी सिद्ध करण्याची निकड परिचारिकांना इतक्या तीव्रतेने वाटली, हे कालक्रमावरून नाकारणे कठीण आहे.

परीक्षेचा आग्रह अनाठायी नव्हता, याचा दाखलाही त्याच वर्षीचा आहे. एका अपोहनास सुमारे १२० लिटर पाणी रक्ताच्या शेजारून, केवळ एका पापुद्र्याच्या आडून वाहते. शहराच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेले क्लोरामाइन कोळशाच्या गाळणीने काढले नाही, तर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. १९८७ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका केंद्रात असेच घडले. शंभराहून अधिक रुग्णांना त्या पाण्याचा संपर्क झाला व ४४ जणांना रक्त द्यावे लागले. पिण्यास निर्दोष असलेले पाणी येथे विष ठरते, हे सामान्य परिचर्येच्या शिक्षणात कोणी शिकवीत नाही.

असे असूनही परिचारिकेचे हे विशेष प्रमाणपत्र अमेरिकेत ऐच्छिकच राहिले. कायद्याच्या दृष्टीने तिचा राज्याचा परवाना पुरेसा आहे. सक्ती आली ती ज्याच्यापाशी परवानाच नव्हता त्या तंत्रज्ञावर. ऑक्टोबर २००८ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय नियमांनी रुग्णांवर उपचार चालू असताना केंद्रात नोंदणीकृत परिचारिकेची उपस्थिती आवश्यक केली, आणि तंत्रज्ञाने नेमणुकीपासून १८ महिन्यांच्या आत प्रमाणपत्र मिळविले पाहिजे असे ठरविले. तोपर्यंत तो प्रशिक्षण घेऊन परिचारिकेच्या देखरेखीखाली काम करू शकतो. परिचारिकांच्या अपोहन-परीक्षेची पात्रताही अनुभवाच्या तासांत मोजली जाते. म्हणजे यंत्रापाशी उभे राहिल्यानंतरच परीक्षा देता येते. आठवड्यास तीन या हिशेबाने १८ महिन्यांत एकाच रुग्णाची २३० हून अधिक अपोहने होऊन गेलेली असतात.