मोरो रघुनाथ प्रकरण आणि देहोपस्थितीच्या आदेशाची मर्यादा

इ. स. १८२८ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने पुण्यातील पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्यावर हेबियस कॉर्पसचा आदेश काढला. त्यांचा आप्त मोरो रघुनाथ, वय सुमारे चौदा, यास त्यांनी अटकावून ठेवले असल्याची तक्रार होती. त्यास न्यायासनापुढे उपस्थित करावयाचे होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आदेशाची अंमलबजावणी होऊ दिली नाही. मुलगा न्यायालयापुढे आलाच नाही.

माल्कम यांची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती, आणि दक्षिणेतील सरदारांना सामान्य न्यायालयांपासून दूर ठेवण्याचे धोरण एल्फिन्स्टनपासून चालत आले होते. परंतु ३ ऑक्टोबरला सरकारने थेट न्यायाधीशांनाच पत्र लिहून, मुंबई बेटाबाहेरील एतद्देशीयांवर असे आदेश काढल्यास ते मानले जाणार नाहीत, असे कळविले. हा प्रकार धोरणाच्या पलीकडचा होता. मुख्य न्यायाधीश वेस्ट ऑगस्टमध्येच वारले होते. चेंबर्स ऑक्टोबरात गेले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी १ एप्रिल १८२९ रोजी न्यायालयच बंद केले. या वादास ग्रँट यांच्या हट्टी स्वभावाची कथा समजण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी अपुरा आहे.

ग्रँट यांचे म्हणणे असे की, दिवाणी दाव्यांचे अधिकारक्षेत्र बेटापुरते असेल. पण आपला प्रजाजन कोणत्या आधारावर बंदिस्त आहे हे विचारण्याचा राजाचा अधिकार राज्यभर चालतो. प्रिव्ही कौन्सिलने १८२९ मध्ये ते अमान्य केले. १६७९ च्या इंग्लिश कायद्यातील एक अक्षरही बदलले नाही. मुंबईच्या न्यायालयाचा हात मात्र पुण्यापर्यंत पोचेनासा झाला.

राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयांना आपल्या संपूर्ण प्रदेशात हा आदेश काढण्याचा अधिकार दिला. स्थळाची अडचण अशी सरली. आणीबाणीत काळाची अडचण उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असे ठरविले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरविले. विरोधी मत न्या. ह. रा. खन्ना यांचे होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २० व २१ या अनुच्छेदांखालील हक्कांची दाद मागणे आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. तो १९७६ चा निर्णय मात्र २०१७ पर्यंत रद्दबातल ठरविला गेला नव्हता.