पाण्याखालची झाडलोट

खडकीविषयी लिहिताना इतिहासकार बहुधा ५ नोव्हेंबर १८१७ या दिवसापाशी थांबतात. त्या दिवशीच्या लढाईने पेशवाईचा शेवट जवळ आणला, हे खरेच. आम्हांला मात्र खडकीच्या एका वेगळ्या नात्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. ‘बॉम्बे सॅपर्स’ या अभियंता-सैनिकांचे हे माहेरघर. पूल बांधणे, सुरुंग लावणे, वाटा मोकळ्या करणे, ही त्यांची विद्या. याच विद्येच्या इंग्लंडमधील सैनिकांनी समुद्रतळ साफ करण्याच्या आरंभीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक पार पाडला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

‘रॉयल जॉर्ज’ नावाची युद्धनौका ऑगस्ट १७८२ मध्ये पोर्टस्मथजवळ बुडाली. सुमारे ९०० माणसे दगावली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तिचा सांगाडा तळाशी पडून राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांचे नांगर त्यात अडकू लागले. १८३९ मध्ये कर्नल पास्ली यांनी सॅपर्सना घेऊन हा अडथळा काढण्याचे काम हाती घेतले. तांब्याचे शिरस्त्राण घातलेले पाणबुडे खाली उतरत, वरून पंपाने हवा पुरविली जाई. दारूचे स्फोट विजेच्या साहाय्याने घडवून सांगाडा फोडायचा आणि मग लाकडे, तोफा, लोखंड दोराला बांधून वर पाठवायचे, असा क्रम १८४३ पर्यंत चालला. पाणबुड्याने एकट्याने न उतरता जोडीदारासह उतरावे, हा आजही पाळला जाणारा नियम याच कामातून पुढे आला. सैनिकांचे सांधे धरत, तेव्हा तो संधिवात समजला गेला. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुडे होऊन बाहेर पडतो, हे फ्रान्सच्या पॉल बेअर यांनी १८७८ मध्ये दाखवून दिले.

ते पाणबुडे हुकुमाचे ताबेदार होते. हौसेने, स्वखुशीने तळाशी जाणारी माणसे मोठ्या संख्येने दिसू लागली ती १९४३ नंतर. त्या वर्षी कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून श्वासागणिक हवा पुरविणारी झडप सिद्ध केली आणि पुढे समुद्रतळ सामान्यांना खुला झाला. तिथे त्यांना काय दिसले? प्रवाळ दिसले, मासे दिसले, आणि आपणच टाकलेला कचराही दिसला. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांच्या सफाईची चळवळ सुरू झाली. पुढे पाणबुडेही तिच्यात उतरले.

पूर्वी जाळी तागाची वा सुताची असत. हरवली तर कुजून जात. नायलॉन आले आणि हरवलेले जाळे वर्षानुवर्षे मासे धरीतच राहिले. इंग्रजीत त्याला ‘भुताचे जाळे’ म्हणतात, ते अगदी यथार्थ. जगात दरवर्षी सुमारे ६,४०,००० टन मासेमारीचे साहित्य समुद्रात हरवते वा टाकले जाते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००९ मध्ये मांडला.

वाचकहो, खडकीचा कचरा कोकणच्या समुद्रात जातो, अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नाही. दापोडीजवळ पवनेला घेऊन आलेली मुळा खडकीवरून होळकर पुलाखाली जाते, संगमावर मुठेला भेटते, मग भीमेला मिळते. भीमा उजनीच्या जलाशयात विसावून पुढे कृष्णेत, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. आपले पाप पूर्वेला वाहते! शिवाय मुळेच्या गढूळ, सांडपाण्याने भरलेल्या पात्रात पाणबुड्याला हातभरही दिसावयाचे नाही. येथील सफाई काठावरूनच करावी लागते: जलपर्णी ओढायची, निर्माल्य वेगळे करायचे. त्यात साहस दिसत नाही, म्हणून तिची छायाचित्रेही कमी निघतात.

पाण्याखालची झाडलोट पाहावयाची तर मालवणला जावे. १९८७ मध्ये तेथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि त्यांत जाळी अडकतात. जाळे ओढून काढले तर प्रवाळ मोडतो. म्हणून पाणबुडा सुरीने एकेक धागा कापतो, पिशवीत हवा भरून ओझे हळूहळू वर सोडतो. ज्यावर जीव रुजले आहेत, ते तसेच ठेवणेच कधी शहाणपणाचे ठरते. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बुड्या बंद पडतात. नवरात्रानंतर पाणी निवळू लागले की होड्या पुन्हा निघतात, आणि मोकळ्या केलेल्या खडकांवर कधी नवे जाळे आधीच येऊन बसलेले असते.