सोळा पोरी कुठून आणायच्या?

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये महिला हॉकी लीगचा विषय निघाला. महाराष्ट्राचा संघ का नाही, असं मी विचारलं, तर समोरच्याने डब्यातून मान वर न काढता उत्तर दिलं, "अरे, पोरी कुठायत खेळणाऱ्या?" त्याच्यापुरता विषय संपला. मी मात्र शनिवारी वही घेऊन बसलो. सवय आहे, काय करणार :-)

आधी आकडे. हॉकी इंडिया लीगमध्ये मुलींचा पहिला हंगाम जानेवारी २०२५ मध्ये झाला. एका संघात २४ जणी, त्यातल्या किमान १६ भारतीय, आणि त्या सोळांत ४ ज्युनिअर असायलाच हव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये घोषणा झाली ती सहा संघांची. म्हणजे ९६ भारतीय मुली लागणार होत्या. लिलावासाठी नावं आली होती अडीचशेच्या वर. प्रत्यक्षात संघ उतरले चार! दिल्ली, ओडिशा, बंगाल आणि सूरमा. दोन संघ गळले ते मालक मिळाले नाहीत म्हणून. खेळाडू रांगेत उभ्या होत्या. पुढच्या हंगामातही संघ चारच राहिले.

थोडक्यात, "पोरी कुठायत" हा प्रश्न विचारायच्या आधी "शेठ कुठायत" हा प्रश्न विचारायला हवा. पुरुषांच्या जुन्या लीगमध्ये मुंबईला संघ होता (आधी मॅजिशियन्स, मग दबंग मुंबई), आता तोही नाही. आणि ज्या शहरात देशातले निम्मे शेठ राहतात त्या शहराची ही गोष्ट. असो.

पण माझ्या मित्राचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. संघ महाराष्ट्रा'त' असणं वेगळं आणि महाराष्ट्रा'चा' असणं वेगळं. लिलावात काय, कुणालाही विकत घेता येतं. इथल्याच सोळा मुली उभ्या करायच्या म्हटलं तर जमेल का? इथे इतिहास उपयोगी पडतो.

मुलींचं हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं १९८० साली, मॉस्कोला. बहिष्कारामुळे बरेच देश आलेच नाहीत, म्हणून ऐन वेळी झिम्बाब्वेला बोलावणं गेलं. स्पर्धा तोंडावर आलेली, हातात जेमतेम पाच आठवडे. नुकताच स्वतंत्र झालेला देश. सगळ्या मुली तिथल्या गोऱ्या समाजातल्या, म्हणजे दोन-तीन लाखांच्या वस्तीतून घाईघाईने गोळा केलेल्या. आणि त्यांनी चक्क सुवर्णपदक जिंकलं! (बक्षीस म्हणून प्रत्येकीला एकेक बैल कबूल केला होता आणि हातात पडलं मांसाचं पाकीट, असं सांगतात.) भारताने त्यांच्याशी १-१ बरोबरी केली होती. ऑस्ट्रियाला आणि पोलंडला आपण हरवलं, चेकोस्लोव्हाकियाकडून आणि रशियाकडून हरलो आणि सहा संघांत चौथे आलो.

त्या भारतीय संघाची यादी वाचताना मी थबकलो. रूपा सैनी कर्णधार, ठीक. पण पुढे बघा... एलिझा नेल्सन, रेखा मुंडफन, नाझलीन मद्रासवाला, हुतोक्षी बगली, सेल्मा डिसिल्वा, मार्गारेट टोस्कानो. ही यादी जुन्या मुंबई-पुण्यातल्या एखाद्या शाळेच्या हजेरीपटावरची वाटते की नाही? एलिझा नेल्सन तर पुण्याचीच. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये मुलींचं हॉकी पहिल्यांदा खेळलं गेलं, त्यात भारताने सुवर्ण मिळवलं आणि कर्णधार होती एलिझा. १९८३ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

आता टोकियोला या. २०२१ मध्ये आपल्या मुली पुन्हा चौथ्या आल्या आणि सगळा देश रडला. त्या सोळा जणींत हरियाणाच्या नऊ. महाराष्ट्रातली एकही नाही.

मधल्या चाळीस वर्षांत इथल्या पोरी संपल्या का? लोकसंख्या तर वाढलीच. माझ्या मते बदललं ते मैदान. १९७६ च्या माँट्रिअलपासून ऑलिंपिकचं हॉकी कृत्रिम टर्फवर गेलं. शाळेच्या मातीच्या मैदानावर, संध्याकाळी फ्रॉक सावरत शिकता येणारा खेळ महाग झाला. बरं, टर्फ नुसतं पसरून भागत नाही, सामन्याआधी त्यावर पाण्याचा मारा करावा लागतो. आमच्या पालघरकडे, जिथे सूर्या धरणाचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला नेण्यावरून गावं भांडली, तिथे हे बोलायची सोय नाही. दुसरं म्हणजे नोकरी. बाईने खेळ चालू ठेवायचा तर पगार हवा, आणि तो देणारी एकच मोठी संस्था होती, रेल्वे. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं रेल्वेचा दबदबा राहिला तो यामुळेच. चांगली खेळाडू तयार झाली की ती राज्याच्या यादीतून रेल्वेच्या यादीत जाणार. मग महाराष्ट्राच्या नावापुढे उरणार काय?

लोकसंख्येचं म्हणाल तर झारखंडमधला सिमडेगा जिल्हा घ्या. २०११ च्या जनगणनेत सुमारे सहा लाख वस्ती. बहुतेक आदिवासी, कारखाने नाहीत, पैसा नाही. सुमराय टेटे, असुंता लाक्रा, सलीमा टेटे, संगीता कुमारी, ब्युटी डुंगडुंग, सगळ्या तिथल्या. आमच्या पालघर जिल्ह्याची वस्ती त्याच जनगणनेत तीस लाखांच्या आसपास होती (जिल्हा झाला नंतर, १ ऑगस्ट २०१४ ला). तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून, शेजारी बोईसरला एवढी मोठी एमआयडीसी. डहाणू-जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी पोरींचा दम ज्याने डोंगर चढताना पाहिलाय त्याला 'टॅलेंट नाही' म्हणायची हिंमत होणार नाही. पण सिमडेग्यात स्टिक घराघरात आहे, गावोगाव सामने होतात, जिंकणाऱ्या संघाला बकरा मिळतो. आमच्याकडे शाळेत मुली खेळायच्या कबड्डी आणि खो-खो. खेळाडू असतात हो, पण ज्या खेळाचं मैदान असतं त्याच खेळाच्या होतात.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ. तिघी सातारा जिल्ह्यातल्या, फलटणच्या बाजूच्या. मुंबई नाही, पुणे नाही, ऊस आणि ज्वारीचा मुलूख! तिथून पुण्याची क्रीडा प्रबोधिनी आणि मग भारताचा संघ. वैष्णवी हांगझोऊ एशियाडच्या ब्राँझ मिळवणाऱ्या संघात होती. अक्षता आणि ऋतुजा २०२४ मध्ये मस्कतला फाइव्हज वर्ल्ड कपचं रौप्य घेऊन आल्या. एका कोपऱ्यात कुणीतरी पोरींच्या हातात स्टिक दिली, पुढे राहायची-जेवायची सोय आणि टर्फ मिळालं, बास. तेवढ्यावर तिघी.

आणि आता ती गोष्ट जी कॅन्टीनमध्ये मला वेळेवर आठवली नाही. लीगची पहिली फायनल २६ जानेवारी २०२५ ला रांचीत झाली, जयपाल सिंग मुंडांच्या नावाच्या स्टेडियमवर. १९२८ ला सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार, तेच. ओडिशाने सूरमाला २-१ हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल एकाच मुलीचे. ऋतुजा पिसाळ!

म्हणजे बघा, पहिलं अजिंक्यपद ठरवलं साताऱ्याच्या पोरीने, आणि नाव लागलं ओडिशाचं. लिलावाचा खेळ आहे, त्यात कुणाचं चुकलं असं नाही. पण मला ते लागलं.

तर माझा हिशोब असा. आज महाराष्ट्राच्याच सोळा मुली त्या दर्जाच्या मिळतील? नाही. इथल्या पाच-सहा आणि बाकी बाहेरच्या घेऊन संघ उभा राहील? आज राहील. आणि सोळा व्हायला किती फलटण लागतील? एकातून तीन निघाल्या, तर अशी पाच-सहा ठिकाणं. त्यातलं एक पालघरला का नको, हे मला कळत नाही. मुंबईतलं नावाजलेलं टर्फ चर्चगेटला, बोईसरपासून शंभर किलोमीटर. सकाळी सहाच्या सरावाला तिथे पोचायचं तर बोईसरहून कुठली गाडी पकडावी लागेल, ते एकदा टाइमटेबल काढून बघा.