विनयातील आरोग्यचर्या

शरीराची निगा हा धम्माचरणाचाच भाग होता, हे विनयपिटक वाचताना आम्हास वारंवार जाणवते. चुल्लवग्गात वैशालीचा एक प्रसंग आहे. तेथे मिळणाऱ्या उंची भोजनामुळे भिक्खूंच्या शरीरात दोष साचून ते आजारी पडू लागले. तेव्हा वैद्य जीवकाने चंक्रमण, म्हणजे नियमित येरझारा, आणि जंताघर, म्हणजे उष्ण स्नानगृह, यांची अनुज्ञा मागितली. भगवंतांनी ती दिली. चंक्रमणाने अन्न पचते, व्याधी कमी होतात आणि त्यात साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते, असे अंगुत्तरनिकाय सांगतो.

दंतकाष्ठाचा नियमही असाच घडला. मुखदुर्गंधी येऊ लागली म्हणून दंतकाष्ठ विहित झाले. लांब काष्ठाने श्रामणेरांना मार बसू लागला, तेव्हा कमाल लांबी 8 अंगुळे ठरली; आखूड काष्ठ एका भिक्खूच्या घशात अडकले, तेव्हा किमान 4 अंगुळे. सातव्या शतकात नालंदेत राहिलेल्या इ-त्सिंग या चिनी भिक्खूनेही दंतकाष्ठाच्या नित्य वापराची नोंद केली आहे.

अनुभवातून आलेले हे नियम अनुभवानेच सुधारले गेले. त्यांना धन लागत नाही, सातत्य लागते. औषधोपचारांसाठी ख्यातनाम असलेल्या जीवकाने संघासाठी मागितली ती दिनचर्याच, हे आम्ही विसरू नये.