दादरच्या अंधाऱ्या खोलीत, सरस्वतीबाईंच्या हाताखाली

उरणच्या मोरा बंदरावर उभे राहा आणि डोळे मिटा. लाँचच्या इंजिनाची घरघर थांबली की उघडा. समोर घारापुरीचा डोंगर होता तिथंच आहे, मागं द्रोणागिरीही जागचा हललेला नाही. बाकी सगळं गेलं. तेलाच्या टाक्या नाहीत, जेएनपीटीच्या क्रेन नाहीत, अटल सेतू नाही. नाकात एकदम सुक्या बोंबलांचा वास भरतो, आणि वारा गावाकडून फिरला की त्यात मोहाच्या भट्ट्यांचा आंबूस वास मिसळतो. साल 1913, महिना फाल्गुन. तारखा आता विसरा, पण ऊन लक्षात ठेवा. आज दिवसभर त्या उन्हातच तुम्हाला काम आहे.

काखेत काय आहे पाहिलंत? उरणच्या मिठागरातलं जाडं मीठ, फडक्यात घट्ट बांधलेलं. दादरला एका घरी रोज साठ-सत्तर माणसांची पंगत उठते, तिथं रिकाम्या हातानं जाणं बरं नाही.

मचव्यात पाय टाकताच तो एका अंगाला कलतो आणि तुम्ही दोन कोळणींच्या मधे जाऊन आदळता. त्या हसतात, सरकून जागा देतात. त्यांच्या टोपल्यांतलं पाणी तुमच्या पावलांवर ठिबकत राहतं. नाखवा शीड सोडतो, दोर करकरतो, खारं पाणी तोंडावर उडतं. वारा पडला की मचवा जागच्या जागी डुलतो आणि उन्हात तुमचं डोकं तापतं. घड्याळाकडे बघायची सवय सोडा. इथं वारा म्हणेल तेव्हाच मुंबई येणार.

मुंबईच्या बंदरात मात्र दम घ्यायला सवड नाही. कापसाच्या गाठी, बैलगाड्या, हमालांच्या आरोळ्या, शेण, डांबर, घाम. त्या गर्दीतून वाट काढत मशीद स्टेशन गाठायचं आणि आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात घुसायचं. खिडकीशी बसायचा मोह आवरा. इंजिनाच्या कोळशाचे कण थेट डोळ्यांत येतात. भायखळा जातं, परळ येतं, गिरण्यांची धुराडी एकामागून एक सरकतात, आणि मग हळूहळू माड दिसायला लागतात. दादर आलं. उतरा. हो, हेच दादर. इथं पुलावर कुणी कुणाला ढकलत नाही, आणि रस्त्यात उभं राहिलं तर पाखरं ऐकू येतात.

दादर मेन रोडवरचं ते घर शोधायला त्रास पडणार नाही. आत एक माणूस मिशीसाठी रडकुंडीला आला आहे. त्याला राणीची दासी व्हायचं आहे, पण बाप जिवंत असताना मिशी उतरवायची कशी? ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा काढणारे धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब फाळके, त्याला समजावत आहेत. बायका पडद्यावर यायला तयार नाहीत, म्हणून तारामतीच्या साडीत अण्णा साळुंके आहेत. कालपरवापर्यंत ते ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात होते. हात नाजूक म्हणून फाळक्यांनी उचलून आणले. राजा हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दाबके मुकुट सावरत घाम पुसत आहेत. तुम्ही इथं काय करता असं बाहेर कुणी विचारलं, तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगायचं. सिनेमाचं नाव काढलंत तर लोक तोंड फिरवतील.

पण तुम्ही या मंडळींना भेटायला आलेला नाही. चुलीकडे बघा.

पदर खोचलेली, कपाळावर घाम, एका हातात पळी, नजर मात्र अंगणातल्या उन्हावर. या सरस्वतीबाई फाळके. माहेरच्या गिरिजा करंदीकर. ‘वहिनी’ म्हणून हाक मारा आणि मिठाचं गाठोडं पुढं करा. ते फडताळात जातं आणि तुमच्या हातात पांढऱ्या चादरीचं एक टोक येतं.

दुसरं टोक बाईंच्या हातात. इथं विजेचे दिवे नाहीत, सूर्यावरच सगळा कारभार. ऊन चादरीवर झेलायचं आणि नटाच्या चेहऱ्यावर परत फेकायचं, म्हणजे डोळ्यांखालची सावली जाते. ऐकायला सोपं वाटतं ना? चादर ताणा. थोडी सैल पडली की चेहऱ्यावरचा उजेड हलतो. कॅमेऱ्याचं हँडल फिरतंय, कटकट कटकट, आणि तुम्हाला हलायची मुभा नाही. घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो. पुसायला हात मोकळा नाही. खांद्यातून कळ निघते, समोर नुसतं पांढरं पांढरं दिसतं, पायाखालची जमीन भाजते. तुम्ही चोरून पलीकडे बघता. बाईंचं टोक हललेलं नाही. त्या असं तासन् तास उभ्या राहत, आणि मधेच आत जाऊन भाताखालचा जाळ ओढून येत.

मग पंगत. पानं मांडा, वाढा, उचला, पुन्हा मांडा. राजा जेवतो, ऋषी जेवतात, दाढ्या काढून बाजूला ठेवतात. दासी मांडी घालून तिसऱ्यांदा भात मागतात. भांड्यांचा ढीग पडतो, कपड्यांचाही. आता तरी पाठ टेकू, असं तुम्हाला वाटतं. घर निजलं आहे, पोरं झोपली आहेत.

बाई मात्र एका खोलीचं दार उघडून तुमच्याकडे बघतात. चला आत. आणि दार नीट लावून घ्या, फटीतून येणारा उजेड लाखमोलाची फिल्म खाऊन टाकतो.

अंधार. खिडक्या बंद, वारा नाही, पंखा ही वस्तूच नाही. डोळे सरावले की कोपऱ्यात मंद लाल दिवा दिसतो. त्या लाल उजेडाचा या फिल्मवर परिणाम होत नाही, एवढीच काय ती सवलत. रसायनांचा उग्र वास घशाशी येतो. आणि बिडीची सवय असेल तर ती बाहेरच ठेवायची. ही फिल्म एका ठिणगीनं भडकते आणि पाण्यानं विझत नाही.

टेबलावर विल्यमसन कंपनीचं यंत्र आहे, विलायतेहून आणलेलं. कोरी फिल्म कडांना सपाट येते, तिला छिद्रं इथं घरी पाडायची. छिद्रांशिवाय ती कॅमेऱ्यातही सरकत नाही आणि प्रोजेक्टरमध्येही नाही. बाई पट्टीचं टोक यंत्रात लावतात, तर्जनीनं कड चाचपतात, अंगठ्यानं हलकेच दाबतात, आणि हँडल फिरवायला लागतात. खट्, खट्, खट्. फिल्मचे बारीक तुकडे खाली पडत राहतात. त्यांची नजर यंत्रावर नाही, असून काय दिसणार? बोटांना कळतं. पट्टी जरा तिरकी गेली की हँडल थांबतं, कड पुन्हा चाचपली जाते. छिद्र केसभर सरकलं तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरू लागेल.

आता तुम्ही फिरवून बघा. पहिल्याच फुटात लय चुकते. बाई काही बोलत नाहीत, हात धरून हँडलवर नीट ठेवतात.

जरा हिशेब करू. एका फुटात 16 चौकटी. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट. म्हणजे पडद्यावर धावलेल्या एकाच प्रतीत चार लाख त्र्याहत्तर हजारांवर छिद्रं झाली. निगेटिव्हची निराळी, वाया गेलेल्या फिल्मची निराळी. आणि हे सारं दिवसभराची धुणी, भांडी, चूल, चादर झाल्यावर.

रात्र चढते. आता दिवसा टिपलेली फिल्म रसायनात बुडवायची आहे. कोणती पूड किती, पाणी किती, कशात किती वेळ, हे बाईंना पाठ आहे. मुंबईच्या उकाड्यात पाणी कोमट झालं तर फिल्मवरचा थर मऊ पडून सुटू लागतो, म्हणून पाण्यात सारखा हात घालून बघायचा. तुमचे डोळे चुरचुरतात, अंगावरचे कपडे पाठीला चिकटतात. आणि मग लाल उजेडात त्या पट्टीवर काहीतरी उमटतं. दुपारी तुम्ही चादर धरून उभे होता, त्याच क्षणाचा दाबक्यांचा चेहरा, उलटा रंग घेऊन, काळ्याचा पांढरा होऊन. कंटाळा, कळ, झोप, सगळं तुम्ही विसरता. बाई पट्टी उजेडाशी धरून डाग शोधत असतात.

हे त्या कुठं शिकल्या? घरीच. फाळके विलायतेहून आले, मागून यंत्रं आली, आणि त्यांनी सर्वांत आधी घरच्यांना शिकवलं. ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ गिरगावच्या तंबूत पाहिला तेव्हाही बाई त्यांच्यासोबत होत्या. त्यांच्या घरी कुंडीतलं वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यापुढं ठेवून महिनाभर रोज थोडं थोडं टिपलं गेलं, आणि पडद्यावर ते बघता बघता वर आलं. ते पाहून पैसे लावणारे भेटले. त्यांचे पैसे पुरेनात तेव्हा बाईंनी अंगावरचे दागिने दिले. तारामतीची भूमिका करशील का, असं फाळक्यांनी त्यांनाच विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. मग बाकीची कामं कोण करणार, असा त्यांचा सवाल होता, असं सांगतात. सवाल रास्त होता. तारामतीला अण्णा साळुंके मिळाले. या अंधाऱ्या खोलीसाठी दुसरं कोण मिळणार होतं?

जरा पुढं सरका, वैशाखाच्या तोंडाशी. गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ बघायला आलेली 3 मेची गर्दी. आधी इंग्रजी नाचगाणं होतं, मग पायांनी कसरती करणारा अलेक्झांडर येतो, लोक शिट्ट्या मारतात. अत्तर, घाम, विड्या, पान, सगळ्यांचा एकच दाट वास. दिवे मालवतात. प्रोजेक्टरची कटकट सुरू होते, आणि ती ऐकताच तुमच्या हाताला हँडल आठवतं. पडद्यावर माणसं चालतात, आपल्या वेशातली, आपल्या पुराणातली. सभागृहात हुंदके उठतात. तुम्ही मात्र पडद्यावर राजा थरथरतो का तेवढं बघत बसता. थरथरत नाही. छिद्रं नेमकी पडली आहेत.

आता परत या, आपल्या काळात. इथं मला माझं म्हणणं स्पष्ट सांगायचं आहे.

आपण सरस्वतीबाईंची आठवण काढतो ती दागिने दिलेली बायको म्हणून, साठ माणसांना जेवू घालणारी अन्नपूर्णा म्हणून. दोन्ही खरं आहे. पण त्या रात्री खोलीत तुम्ही जे पाहिलंत, ते कुशल कामगाराचं काम होतं. यंत्र चालवणं, रसायन जमवणं, फिल्म जोडणं. भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ बाई होती, ती मराठी होती, आणि तिच्या आधी हे काम करणारं, ज्याला जाऊन विचारावं असं, या देशात दुसरं बाईमाणूस नव्हतं. त्याच सुमाराला अमेरिकेत न्यू जर्सीला ॲलिस गी ही फ्रेंच बाई स्वतःचा स्टुडिओ चालवत होती. जग तिलाही कितीतरी वर्षं विसरलं. सरस्वतीबाईंनंतर साठेक वर्षांनी, 1975 मध्ये, सेनेगलच्या साफी फाय या एकेकाळी शाळेत शिक्षिका असलेल्या बाईनं ‘काद्दू बेकात’ केला, आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या बाईनं दिग्दर्शित केलेला पूर्ण लांबीचा सिनेमा प्रथमच थिएटरात पोचला. साफी फायच्या चित्रपटावर तिचं नाव आहे. हा फरक साधा नाही. नाव असेल तर पुढच्या मुलीला वाट विचारता येते.

2009 च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने आपल्याला सरस्वतीबाई हसत्या-खेळत्या दाखवल्या, त्याबद्दल दिग्दर्शक परेश मोकाशी आणि सरस्वतीबाई साकारणाऱ्या विभावरी देशपांडे यांचे आभारच मानले पाहिजेत. पण एका चित्रपटावर भागण्यासारखं हे काम नाही.

उरणमध्ये आज मोबाईलवर व्हिडिओ कापून जोडणाऱ्या, लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग घरी बसून करणाऱ्या, कॉलेजात मास मीडिया किंवा कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुली आहेत. घरचं सगळं आवरून रात्री लॅपटॉप उघडणाऱ्याही आहेत. त्यांच्या कामाला घरात वेळ द्या, खोली द्या, आणि केलेल्या कामावर त्यांचं नाव येतंय ना ते बघा. आणि येत्या 3 मेला तुमच्या वाचनालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची आठवण निघाली, तर फलकावर दादासाहेबांच्या नावाखाली दुसरी ओळ लिहा: सरस्वतीबाई फाळके, चित्रपट तंत्रज्ञ.